किल्ली कोणाच्या कनवटीला?



गेले दोन शनिवार दांडी झाली, त्याबद्दल माफी असावी. रिलीज होतं, आणि रिलीजच्या दिवसांत शनिवार कुठला नि रविवार कुठला! असो. आजचा विषय वरकरणी कॉम्प्युटरचा आहे, पण खरं तर माणसांचा.

सुरुवात माझ्याच एका जुन्या मूर्खपणापासून करतो.

२००४ साली मी पुण्यात नुकताच नोकरीला लागलो होतो. लिनक्सचं वेड नवं नवं होतं. एका रविवारी आम्ही पाच-सहा मित्र कोथरूडच्या एका खोलीवर जमलो आणि प्रत्येकाने आपापली एक पीजीपी किल्ली बनवली. पीजीपी म्हणजे ईमेल कुलूपबंद करायचं आणि ईमेलवर डिजिटल सही करायचं सॉफ्टवेअर. कॉलेजची चार वर्षं एका ताटात जेवलेली पोरं आम्ही, पण नियमाप्रमाणे एकमेकांना पॅन कार्ड दाखवून ओळख पटवली आणि एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या केल्या. केवढे हसलो होतो! मग त्या किल्ल्या महाजालावरच्या कीसर्व्हरवर चढवल्या. मुदत किती, असं सॉफ्टवेअरने विचारलं तेव्हा मी बेधडक ‘कधीच संपत नाही’ असं उत्तर दिलं. पुढची दोन-तीन वर्षं माझ्या प्रत्येक ईमेलच्या तळाला त्या किल्लीचा ठसा मिरवत होता.

२००७ मध्ये हार्ड डिस्क गेली. बॅकअप नव्हता. पासफ्रेज तसाही विसरलो होतो. ‘ही किल्ली आता बाद’ असं जगाला सांगायचा एक दाखला आधीच बनवून ठेवायचा असतो, तो बनवलाच नव्हता. त्यामुळे माझ्या नावाची ती किल्ली कीसर्व्हरवर तशीच राहिली. ‘जिवंत’, आणि मालकाविना.

मग २०१६ मध्ये जुन्या कंपनीतल्या एका ज्युनिअरची ईमेल आली. विषय लिहिला होता, ‘थोडं महत्त्वाचं आहे सर’. आत नुसता कूटबद्ध मजकुराचा ठोकळा. बिचाऱ्याने कीसर्व्हरवरून माझी किल्ली शोधून काढली होती आणि तिने पत्र कुलूपबंद केलं होतं. मी उलट कळवलं, अरे, ती किल्ली हरवली, साधंच लिही किंवा फोन कर. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘जाऊ द्या सर, फार काही नव्हतं.’

फार काही नसताना माणूस एवढा खटाटोप करत नाही. त्या पत्रात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. पत्र मात्र अजून माझ्या मेलबॉक्समध्ये आहे.

माझी आजी वाड्यातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावायची. ती गेली तेव्हा एका पेटीची किल्ली कोणाला सापडेना. शेवटी कुलूपवाल्याला बोलावून पेटी उघडली. माझ्या त्या पत्रासाठी बोलवायला कुलूपवालाच नाही. गणिताने तशी सोयच ठेवलेली नाही, आणि तीच तर त्याची खुबी आहे.

तेव्हापासून मी या विषयाचा इतिहास जमेल तसा वाचत आलो. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. कुलूप कसं बनवायचं हे जगाला १९७७ पासून ठाऊक आहे. पण किल्ली कोणाच्या कनवटीला असावी, याचं उत्तर शोधण्यात पुढची जवळजवळ पन्नास वर्षं गेली आहेत. आणि ते अजून नीट सापडलेलं नाही.

टपालपेटी आणि मोर्तब

आधी मुळापासून बघू. हजारो वर्षं गुप्तलेखनाची रीत एकच होती. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकच किल्ली. पण ती किल्ली समोरच्याला पोचवायची कशी? विश्वासू जासूद पाठवून, नाहीतर आधी भेटून. दोघांपुरतं ठीक आहे हो, पण १,००० माणसांना एकमेकांशी गुप्त बोलायचं असेल तर ४,९९,५०० वेगवेगळ्या किल्ल्या लागतात. सैन्याला हे एकवेळ परवडेल, तुम्हा-आम्हाला नाही.

नोव्हेंबर १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक शोधनिबंध छापला आणि हे चित्रच पालटलं. कल्पना अशी की प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असावी. एक जाहीर, एक खासगी. जाहीर किल्लीने बंद केलेलं फक्त खासगी किल्लीने उघडतं. आपली लाल टपालपेटी आठवा. पत्र कोणीही टाकावं, काढणार मात्र एकटा पोस्टमन. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ही कल्पना प्रत्यक्षात उतरवणारं गणित शोधलं. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं आरएसए.

यातली गंमत म्हणजे ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर संस्थेत हे सगळं आधीच सापडलं होतं. जेम्स एलिसला १९७० मध्ये कल्पना सुचली, क्लिफर्ड कॉक्सने १९७३ मध्ये गणित मांडलं, माल्कम विल्यमसनने १९७४ मध्ये त्यात भर घातली. पण सरकारी गुपित! डिसेंबर १९९७ मध्ये ते जाहीर झालं, आणि त्याच्या काही आठवडे आधी एलिस वारला होता.

किल्ल्यांची ही जोडी उलटीही चालते. मी खासगी किल्लीने एखाद्या मजकुरावर खूण केली, तर माझी जाहीर किल्ली वापरून कोणीही ती तपासू शकतो. हीच डिजिटल सही. आपल्याला हे समजायला अवघड जायचं कारण नाही. शिवकालीन पत्रं बघा. वर मुद्रा आणि मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे त्याच्या खाली कोणी नंतर काही घुसडू नये. पत्र कोणाचं, आणि त्यात फेरफार झाला का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ‘शिक्कामोर्तब’ या एका शब्दात आहेत. डिजिटल सही हीच दोन कामं करते.

म्हणजे कामं दोन झाली, उघडणं आणि सही करणं. वरवर बघता किल्ली दोन्हीकडे सारखीच, पण दोन्हींना जपण्याची रीत अगदी उलटी आहे. उघडण्याची किल्ली हरवली तर जुनी पत्रं कायमची गेली, म्हणून तिची प्रत कुठेतरी हवीच. सहीची किल्ली हरवली तर काही बिघडत नाही. जुनी बाद करा, नवी बनवा, जुन्या सह्या तपासायला जाहीर किल्ली पुरते. पण सहीच्या किल्लीची प्रत दुसऱ्याच्या हाती लागली तर संपलं, कारण तो ‘तुम्ही’ होऊ शकतो. थोडक्यात, पहिली हरवू नये आणि दुसरी कोणाला देऊ नये. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झिमरमनची भेट

१९९१ पर्यंत हे सगळं विद्यापीठं, बँका आणि सरकारं यांच्यापुरतं होतं. अमेरिकेतल्या बोल्डर गावचा फिल झिमरमन हा प्रोग्रामर, अण्वस्त्रविरोधी चळवळीतला कार्यकर्ता. त्या वर्षी अमेरिकन सिनेटपुढे एक विधेयक आलं. सरकारने मागितलं तर साधा मजकूर हाती देता येईल अशीच यंत्रणा कंपन्यांनी बनवावी, अशा अर्थाचं एक कलम त्यात होतं. झिमरमनने घाईघाईने आपलं सॉफ्टवेअर पुरं केलं आणि जून १९९१ मध्ये फुकट वाटून टाकलं. तेच पीजीपी.

बघता बघता ते देशाबाहेर पोचलं. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार दणकट एन्क्रिप्शन म्हणजे युद्धसामग्री! १९९३ मध्ये झिमरमनच्या मागे बेकायदा निर्यातीची चौकशी लागली, ती तीन वर्षांनी, जानेवारी १९९६ मध्ये, खटला न भरताच बंद झाली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, एमआयटी प्रेसने पीजीपीचा अख्खा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला. फ्लॉपी निर्यात केली तर गुन्हा, पुस्तक निर्यात केलं तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य. वकिलांचं डोकं, दुसरं काय!

पण आपला मुद्दा वेगळा आहे. पीजीपीने किल्ली पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या हातात दिली. ती त्याच्याच डिस्कवर, त्याच्याच पासफ्रेजने बंद. मध्ये कोणी नाही. आणि समोरची जाहीर किल्ली खरंच त्याच माणसाची आहे हे कशावरून? झिमरमनचं उत्तर होतं विश्वासाचं जाळं. आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात तसं. मुलगा आपल्या माहितीचा नसतो, पण आत्याच्या नणंदेच्या शेजारी राहतो, आणि ती म्हणते घराणं चांगलं आहे. मी तुझ्या किल्लीवर सही करतो, तू त्याच्या किल्लीवर कर, म्हणजे ओळखीतून ओळख. कोथरूडच्या त्या खोलीत आम्ही पॅन कार्डं दाखवत हेच करत होतो.

‘आमच्याकडे ठेवा की!’

यावर सरकारचं उत्तर लगेच आलं. एप्रिल १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने क्लिपर चिप जाहीर केली. टेलिफोनसाठी पक्कं एन्क्रिप्शन घ्या, पण प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी खात्यांकडे राहतील. तपासाला लागले तर कायदेशीर परवानगीने ते जोडता येतील.

१९९४ मध्ये बेल लॅब्जच्या मॅट ब्लेझने दाखवून दिलं की सरकारला किल्लीपर्यंत नेणारा जो माहितीचा तुकडा प्रत्येक संभाषणाबरोबर जायचा, त्याची खातरजमा फक्त १६ बिटांवर होती. म्हणजे खोटा तुकडा जोडून चिप वापरता येत होती. एन्क्रिप्शन पक्कं, आणि सरकारचा कान बंद! विरोध आधीपासून होताच. १९९६ पर्यंत क्लिपर निकालात निघाली. पण ‘किल्ली आमच्याकडे ठेवा’ ही मागणी काही गेली नाही. वेगवेगळ्या देशांत दर काही वर्षांनी ती नवे कपडे घालून येते.

खरी अडचण

तर सरकार हरलं, आणि किल्ली आपल्याकडे राहिली. छान. मग आपण तिचं काय केलं?

१९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर या दोघांनी एक प्रयोग केला. १२ माणसांना पीजीपी ५.० दिलं आणि ९० मिनिटं दिली. काम एवढंच की एक गुप्त निरोप सही करून, कुलूपबंद करून सहकाऱ्यांना पाठवायचा. जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते धड जमलं. ७ जणांनी निरोप समोरच्याच्या किल्लीऐवजी स्वतःच्याच जाहीर किल्लीने बंद केला, म्हणजे उघडणार फक्त स्वतःच! आणि तिघांनी ते गुपित चुकून उघड्या मजकुरात पाठवून दिलं. ही माणसं अडाणी नव्हती. ईमेल सराईतपणे वापरणारी होती.

तुम्ही म्हणाल, खरंच गरज असेल तर माणूस शिकतो. बरं, मग ही गोष्ट ऐका. डिसेंबर २०१२ मध्ये पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डला एक निनावी ईमेल आली. तुम्ही पीजीपी बसवा, मला काही सांगायचं आहे. ग्रीनवाल्डने टाळाटाळ केली. त्या माणसाने पायरीपायरीने समजावणारा व्हिडिओसुद्धा बनवून पाठवला. तरी झालं नाही. शेवटी तो माणूस लॉरा पॉइट्रसकडे वळला, कारण ती पीजीपी आधीपासून वापरत होती. तो माणूस म्हणजे एडवर्ड स्नोडेन. दशकातली सगळ्यात मोठी बातमी एका सॉफ्टवेअरच्या सेटअपपाशी अडून बसली होती.

हे वाचलं आणि मला माझा ज्युनिअर आठवला. माझ्याकडे आलेलं स्नोडेनच्या तोडीचं नक्कीच नसणार. पण ते सांगणाऱ्याला त्याची बातमी तेवढीच मोठी वाटत असते.

बरं, माणूस सगळं नीट शिकला तरी किल्ली जन्मतःच अधू असू शकते. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलमध्ये कोणीतरी एक इशारा बंद करायला म्हणून दोन ओळी काढल्या. त्यामुळे यादृच्छिकता जवळजवळ सगळीच गेली आणि एका प्रकारच्या एका लांबीच्या किल्ल्या उरल्या फक्त सुमारे ३२,७६७. संगणकाला एवढ्या सगळ्या तपासून बघणं म्हणजे पोरखेळ. मे २००८ मध्ये ते उघडकीला आलं. तो आठवडा मला चांगलाच आठवतो, ऑफिसातल्या प्रत्येक सर्व्हरवरच्या एसएसएच किल्ल्या आम्ही बदलत बसलो होतो. पुढे २०१७ मध्ये इन्फिनिऑन कंपनीच्या चिपमधल्या सदोष गणितामुळे एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या किल्ल्यांची पंचाईत झाली आणि प्रमाणपत्रं थांबवावी लागली. तात्पर्य, किल्ली बदलता येण्याची सोय ही चैन नाही, गरज आहे.

आणि ते विश्वासाचं जाळं? जुन्या कीसर्व्हरांचा नियम होता की चढवलेलं काही कधी पुसायचं नाही, म्हणजे कुठल्याही सरकारला ते पुसायला लावता येणार नाही. हेतू चांगला होता. पण दुसऱ्याच्या किल्लीवर कोणीही हव्या तेवढ्या सह्या चिकटवू शकत होता. जून २०१९ मध्ये कोणीतरी पीजीपीच्या क्षेत्रातल्याच दोन जुन्या जाणत्या लोकांच्या किल्ल्यांवर हजारो कचरा सह्या चिकटवल्या. ती किल्ली उतरवून घेणाऱ्याचं सॉफ्टवेअर गळपटायचं. पुसायची सोय तर नव्हतीच. २०२१ मध्ये त्या कीसर्व्हरांचा सामायिक समूह बंद झाला. जून २०१९ मध्येच सुरू झालेला नवा कीसर्व्हर ईमेल पत्त्याची खात्री करून घेतो, आणि मालकाला किल्लीवरचं आपलं नाव काढूनही टाकता येतं. स्थळाच्या चौकशीची पद्धत मात्र मागे पडली. माझी ती २००४ ची किल्ली जुन्या पद्धतीच्या एखाद्या सर्व्हरवर अजून पडून आहे. तिच्यावर माझ्या पाच मित्रांच्या सह्या आहेत. त्यातले दोघे आता माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत. :)

आपल्याकडची ड्रॉवरची गोष्ट

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि डिजिटल सहीला कायद्याने मान्यता मिळाली. त्याचं ४२ वं कलम वाचण्यासारखं आहे. खासगी किल्लीवर आपला ताबा राहील याची वाजवी काळजी सहीच्या मालकाने घ्यावी, ती उघड होऊ देऊ नये, आणि झालीच तर विनाविलंब कळवावं, असं ते सांगतं. म्हणजे आपल्या कायद्याला प्रश्न बरोबर कळला होता.

२०१२ साली मी आणि एका मित्राने छोटीशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली होती (ती दोन वर्षांत गुंडाळली, ती गोष्ट पुन्हा कधीतरी). कंपनीचे फॉर्म ऑनलाइन भरायचे तर संचालकांची डिजिटल सही लागते. ती यूएसबी टोकनमध्ये येते. आमच्या सल्लागाराने आमच्या नावाची टोकनं काढली आणि म्हणाला, ‘तुम्ही कुठे सांभाळत बसता, राहू द्या आमच्याकडे.’ राहू दिली. पुढे एकदा त्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा ड्रॉवर उघडा होता. आत रबरबँड लावून बांधलेली टोकनं, प्रत्येकावर मालकाचं नाव आणि पिन लिहिलेलं स्टिकर.

तेव्हाही मी काही बोललो नाही. मग काही महिन्यांनी एका फॉर्मची पोच ईमेलने आली. त्यात आमच्या ऑफिसचा पत्ता चुकीचा होता. मी तो फॉर्म पाहिलाच नव्हता. निस्तरायला दंड आणि हेलपाटे. सल्लागार म्हणाला, ‘साहेब, सही तर तुमचीच आहे.’

होती खरी. गणिताच्या हिशोबाने शंभर टक्के अस्सल. फक्त सही करताना मी तिथे नव्हतो.

त्या माणसाला मी तरी दोष कुठल्या तोंडाने देणार? वर सांगितलेले दोन नियम आठवा. उघडण्याची किल्ली हरवू नये, ती मी २००७ मध्ये हरवली. सहीची किल्ली कोणाला देऊ नये, ती मी २०१२ मध्ये हसत हसत देऊन टाकली. दोन्ही बाबतींत नेमकं उलटं. आणि म्हणे सॉफ्टवेअर इंजिनिअर! अमेरिकेच्या सरकारला क्लिपर चिप लावूनही जे जमलं नाही, ते आपल्याकडे एका लाकडी ड्रॉवरने करून दाखवलं. कोणी सक्ती केली नव्हती, नुसती सोय होती.

मग किल्ली लपवूनच टाकली

यावरचा आजचा तोडगा म्हणजे माणसाला किल्ली दाखवायचीच नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतं. तुमच्या आईच्या फोनमध्येही किल्ली आहे, आणि तिला ते माहीतसुद्धा नाही. व्हिटन-टायगरच्या त्या १२ जणांना हे आरामात जमलं असतं. झिमरमनचं स्वप्न अब्जावधी लोकांपर्यंत असं पोचलं. आधार क्रमांकावर चालणाऱ्या ई-साइनमध्ये तर सहीपुरती किल्ली बनते आणि सही झाली की नष्ट होते, ड्रॉवरमध्ये ठेवायला काही उरतच नाही. पासवर्डऐवजी आलेल्या पासकी याही खासगी किल्ल्याच आहेत, आणि त्या बऱ्याचदा फोनच्या कंपनीच्या क्लाउडमधून तुमच्या नव्या फोनवर येतात.

मी याच्या विरोधात नाही. बहुतेकांसाठी हेच बरं. पण व्हॉट्सअॅपवर ‘सुरक्षा कोड बदलला’ अशी ओळ येते तेव्हा ती आपण वाचतो का? समोरच्याची किल्ली बदलली आहे असं ती सांगत असते. बहुधा नवा फोन, क्वचित नवा माणूस. आणि आधार, फोन किंवा क्लाउड खातं ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. कनवट गेली नाही, फक्त दुसऱ्याची झाली.

शिवाय कुलपंही बदलताहेत. आरएसए मोडू शकेल असा मोठा क्वांटम संगणक उद्या आलाच तर, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने नव्या कुलपांची पहिली मानकं जाहीर केली. चांगलंच झालं. पण नव्या कुलपांनाही किल्ली आहेच, आणि ती ठेवायला जागा लागणारच.

तर मग करायचं काय?

ज्यांना स्वतःची किल्ली खरंच लागते, म्हणजे कोडवर सही करणारे, पत्रकार, वकील, किंवा ज्यांच्याकडे लोक विश्वासाने काही सांगायला येतात असे, त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून निघालेली ही यादी:

१. जीपीजीमध्ये मूळ किल्ली आणि तिच्या रोजच्या उपकिल्ल्या वेगळ्या ठेवा. मूळ किल्ली पेनड्राइव्हवर, कपाटात. लॅपटॉपवर फक्त उपकिल्ल्या.

२. मुदत घाला, एक-दोन वर्षांची. मूळ किल्ली हातात असेल तर मुदत केव्हाही वाढवता येते. हरवली तर निदान किल्ली आपोआप मरते, माझ्यासारखं भूत मागे राहत नाही.

३. बाद-दाखला पहिल्याच दिवशी छापून घ्या. जीपीजीची २०१४ नंतरची आवृत्ती तो आपोआप बनवते, पण ठेवते त्याच डिस्कवर! डिस्क गेली की तोही गेला.

४. रोजच्या उपकिल्ल्या हार्डवेअर टोकनवर ठेवा. चुकीचा पिन तीनदा टाकला की ते बंद होतं. मात्र उघडण्याची उपकिल्ली टोकनवर हलवण्याआधी तिची प्रत घ्या, नंतर ती बाहेर येत नाही. सहीच्या उपकिल्लीच्या प्रती करत बसू नका.

५. डिजिटल सहीचं टोकन सल्लागाराकडे असेल तर सोमवारी जाऊन घेऊन या आणि पिन बदला. फॉर्म त्यांनी भरावा, सही तुम्ही करावी. त्यांना राग येणार नाही. आला तर येऊ दे.

६. पासफ्रेज आणि बाद-दाखला पाकिटात बंद करून दोन ठिकाणी ठेवा, आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा. आपणही कधीतरी जाणारच आहोत.

मी गेल्या महिन्यात हे सगळं केलं. एक पाकीट आमच्या कपाटात, एक बहिणीकडे. पाकिटावर नाव लिहीत होतो तेव्हा बायकोने विचारलं, ‘काय आहे यात?’ म्हटलं, ‘किल्ली.’ ती म्हणाली, ‘मग खिशात ठेवायची ना!’

नव्या किल्लीचा ठसा त्या ज्युनिअरलाही पाठवला. आता तो मोठ्या हुद्द्यावर आहे, परदेशात असतो. लिहिलं, उशीर झाला आहे हे माहीत आहे, पण आता उघडता येईल. त्याचं साधंच, उघडं उत्तर आलं, ‘थँक्यू सर. ते प्रकरण तेव्हाच मिटलं. मी नोकरी सोडली.’

एवढंच. काय मिटलं, कसं मिटलं, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क दहा वर्षांपूर्वी होता.

चला, पुढच्या शनिवारी भेटूच.